लाभपंचमीचा लिलाव

"हे यंत्र आजवर कुणाकुणाच्या कानावर पडलंय?" बाममॅडमनी विचारलं.

विद्यापीठाच्या जुन्या छापखान्याच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, बौद्धिक संपदा कक्ष नावाची एक खोली तेव्हा नुकतीच उघडली होती. दारावरच्या पाटीचा रंगही नीट वाळलेला नव्हता. नीलाक्षी बाम तिथल्या एकमेव अधिकारी. आधी रसायनशास्त्र शिकलेल्या, मग कायदा. त्यांच्यासमोर मी आणि माझे मार्गदर्शक डॉ. सॅम्युएल भांबळ, असे दोघं शाळेतल्या मुलांसारखे बसलो होतो.

"माझ्या," सर म्हणाले. "हेमलताच्या. प्रयोगशाळेतल्या आमच्या दोन माणसांच्या. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांच्या. आणि हेमलताच्या वडिलांच्या."

"वडिलांच्या कसं काय?"

"ते त्यांच्याच गळ्यावर चालतं," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

माझे वडील विश्राम आहेर. मी त्यांना नाना म्हणायची, आणि पुढे सगळा बाजार त्यांना नानाच म्हणू लागला. नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या कांदा बाजारात ते लिलाव पुकारायचे. ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतोय, आणि घोळक्याच्या पुढे नाना, ट्रॉलीच्या चाकावर एक पाय देऊन उभे. त्यांचा पुकारा शाळेच्या पटांगणापर्यंत ऐकू यायचा. मास्तर म्हणायचे, "आहेर, तुझे वडील थांबले की मग मी शिकवतो." माल हलका असला की नानांचा आवाज समजूत घातल्यासारखा व्हायचा, आणि माल चांगला असून व्यापारी हात आखडता घेत असले की त्याला धार चढायची. आकडे तेच, पण शेतकऱ्याला ट्रॉलीवर बसल्या बसल्या कळायचं की हा माणूस आपल्या बाजूने ओढतोय.

मी पुण्यात शिकत असताना त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक छिद्र राहिलं, आणि आवाज गेला.

वॉर्डात अशी बरीच माणसं होती. प्रत्येकाच्या उशाशी पाटी आणि खडू. तिथे परदेशी बनावटीचं एक यंत्र होतं, गळ्याला लावलं की गुणगुणायचं आणि ओठ हलवले की त्या गुणगुणण्याचे शब्द व्हायचे. पण सगळे शब्द एकाच सुरात. प्रश्न असो, राग असो, लाड असो, भुंग्यासारखं एकसारखं. नानांनी ते एकदा लावलं, दोन वाक्यं बोलले आणि काढून ठेवलं. पाटीवर लिहिलं, "हे यंत्र बोलतंय. मी नाही."

त्या एका ओळीवर मी पुढची चार वर्षं घालवली. भांबळसर ध्वनीच्या क्षेत्रातले. त्यांनी माझा विषय बदलून दिला, स्वतः त्यात उतरले. आम्ही एक पातळ झडप बनवली, गळ्याच्या छिद्राशी बसणारी. माणूस जोरात श्वास सोडेल तसा सूर चढायचा, श्वास ओढून धरला की उतरायचा. इतर देशांत असे प्रयत्न झाले होते, पण त्यांच्या झडपा ओल्या होऊन बंद पडायच्या. आमची बंद पडत नव्हती, आणि बनवायला स्वस्त होती. पुण्यात श्रवणयंत्रं बनवणारे एक दारूवाला म्हणून छोटे कारखानदार होते. ते तयार झाले होते, पण एका अटीवर. ते म्हणाले होते, "पेटंट आणा. साच्यांमध्ये मी सगळं घालणार, आणि उद्या एखादा मोठा कारखाना याची नक्कल करून मला उठवणार. मग तुमचे पेशंट कुठे जातील ते मला सांगा."

बाममॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता माझं ऐका. अर्ज दाखल होईपर्यंत हे चारचौघांत आणायचं नाही. निबंध नाही, परिषद नाही, वर्तमानपत्र नाही. एकदा जगजाहीर झालं की नवं म्हणून दावा करता येत नाही. वडिलांनी घरात बोलायला हरकत नाही. घरच्यांशी. दार लावून."

"दार लावून?" मला हसू आलं. "मॅडम, त्यांचा आवाज अर्ध्या गावाला ऐकू जायचा."

"तेवढे थोडे दिवस," त्या म्हणाल्या. त्या मात्र हसल्या नाहीत.

अर्जावर कुलसचिवांची सही लागणार होती, कारण संशोधन आमचं असलं तरी मालकी विद्यापीठाची. कुलसचिव दिवाळीसाठी मुलीकडे बेंगळुरूला निघून गेले होते. बाममॅडमनी कागद कुरियरने तिकडे पाठवले आणि मी दिवाळीला घरी आले.

घरी गंमतच चालली होती. आई सांगायची, "हा माणूस जन्मभर चौकात ओरडला आणि आता माझ्याशी कडी लावून बोलतो. शेजारीण विचारते, तुमचं दुपारचं दार का बंद असतं?" असं म्हणून ती लाजायची, वयाच्या पन्नाशीत. कुणी कडी वाजवली की नाना झटकन यंत्र उशीखाली सरकवायचे आणि पाटी हातात घ्यायचे. लक्ष्मीपूजनाला त्यांनी आरतीतलं एक कडवं म्हटलं, हळूच, खिडक्या लावून. आई हातात तबक धरून तशीच उभी राहिली. कापूर विझला तरी तिच्या लक्षात आलं नाही.

भाऊबीज झाली आणि पारसशेठ घरी आले. बाजारातले सगळ्यांत जुने व्यापारी. दिवाळीत बंद असलेला बाजार लाभपंचमीला मुहूर्ताच्या लिलावाने उघडतो. शेठनी पेढ्याचा पुडा पुढे ठेवला.

"विश्रामनाना, या वर्षी मुहूर्ताच्या पहिल्या ट्रॉलीला तुम्ही उभं राहायचं. सगळ्यांनी ठरवलंय. बोलू नका, फक्त उभे राहा. पुकारा तुमच्या जागेवर आलेला दत्तू करेल. पण पहिल्या मालाला तुमचा हात लागला पाहिजे. पेपरवाले पण येणार आहेत."

नानांनी पाटीवर लिहिलं, "येतो."

शेठ गेले. नानांनी स्वतः उठून कडी लावली, यंत्र काढलं, गळ्याशी बसवलं.

"हेमे, मी पुकारणार."

"नाना, असं नाही करता येणार."

"का नाही? खांद्यावरचं उपरणं गळ्याला गुंडाळतो. कुणाला दिसणार नाही."

"ऐकू तर येईल ना! चार वर्षं मुका असलेला माणूस पुकारा करायला लागला तर लोक उपरणं ओढून बघतील. पेपरात फोटो येईल."

"येऊ दे ना. तेवढीच तुझी जाहिरात."

"जाहिरात झाली की संपलं. मग पेटंट मिळत नाही."

"नाही मिळालं तर काय होईल? कुणीही बनवू शकेल. चांगलंच की."

"कुणीही बनवू शकेल, पण बनवणार कुणीच नाही, नाना. दारूवाला पहिल्यांदा साच्यात पैसे घालणार. नक्कल होईल या भीतीने ते माघार घेतील. मग हे असंच एक आपल्या घरात राहील. एकच."

नानांच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. आई चुलीपाशी गेली होती, तिथूनच तिने विचारलं, "थोडे दिवस थांबलं तर?"

"मॅडमना फोन करून विचारते," मी म्हणाले.

बाममॅडम फोनवर म्हणाल्या, "हेमलता, तुझ्या वडिलांनी बोलू नये असं सांगायचा मला अधिकार नाही. पण तू मला विचारते आहेस, म्हणून सांगते, नको. कागद बेंगळुरूहून निघालेत. मी मुंबईच्या पेटंट कार्यालयात जाऊन बसते. हातात पडले की त्याच तासाला दाखल करते. लाभपंचमीच्या आधी झालं तर मीच तुला कळवेन, आणि मग त्यांना म्हणावं, घसा फाटेपर्यंत पुकारा."

नानांना मी हे सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि थोड्या वेळाने विचारलं, "तो बीडकडचा कोंडिबा, वॉर्डातला. तो अजून पाटीवरच आहे?"

"हो. गेल्या महिन्यात तपासायला आला होता."

"त्याला लिहिता येत नाही," नाना म्हणाले. "तो पाटीवर चित्रं काढायचा. पाणी पाहिजे तर तांब्या, घरची आठवण आली तर बैल. नर्स हसायच्या. तो पण हसायचा." त्यांनी यंत्र काढलं आणि पुसून डबीत ठेवलं. त्या दिवशी ते पुन्हा बोलले नाहीत.

लाभपंचमीला सकाळी भांबळसर त्यांची मारुती घेऊन आले. मुहूर्ताचा लिलाव बघायचं नानांनी त्यांना कधीपासून निमंत्रण दिलं होतं. सर निघाले तेव्हा मॅडम मुंबईतच होत्या. वाटेत सर संगमनेरला थांबून त्यांना फोन करणार होते. आम्ही तिघंही ओट्यावर उभे. गाडी गल्लीत वळली. नानांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता, गळ्याभोवती उपरणं होतं, आणि उपरण्याखाली काय आहे ते आम्हा दोघींनाच माहीत होतं.

सर गाडीतून उतरले. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी मान हलवली.

"कुरियर आलेलं नाही. मध्ये कुठेतरी अडकलंय."

नानांनी हात वर करून दाखवला, ठीक आहे. मग उपरण्यात हात घातला, यंत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. मला म्हणायचं होतं की बोला, जाऊ दे ते पेटंट. ओठांवर आलंही होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "पुढच्या वर्षी नाना. पुढच्या लाभपंचमीला तुम्हीच."

ते हसले आणि ओठांनी म्हणाले, हो.

बाजारात झेंडूची तोरणं लागली होती. पहिल्या ट्रॉलीवर नवे लाल कांदे, त्यांच्यावर गुलाल उधळलेला. लोकांनी नानांना वाट करून दिली. पारसशेठनी हार घातला. कुणी पाया पडलं, कुणी पाठीवर हात ठेवला. नानांनी ओंजळभर कांदे उचलले, वास घेतला, परत ठेवले, आणि सवयीने चाकावर पाय दिला.

दत्तूने पुकारा सुरू केला. चांगला पोरगा होता, आवाज खणखणीत, पण नानांसमोर त्याची जीभ अडखळत होती. नाना त्याच्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. मी अगदी जवळ उभी होते म्हणून मला दिसलं, ते दत्तूच्या पुढे एक पाऊल होते. दत्तूच्या तोंडून आकडा येण्याआधी नानांच्या ओठांवर यायचा. त्यांची छाती भरायची आणि रिकामी व्हायची. आवाज कुठेच नव्हता. एका पेपरवाल्याने विचारलं, "नाना, काय वाटतं आज?" त्यांनी पाटी मागितली नाही. फक्त हात जोडले.

यंत्र माझ्या पर्समध्ये होतं. पर्स मी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

लिलाव संपल्यावर लोक चहाला बसा म्हणत होते. नानांनी खूण केली, चला. सर गाडी चालवत होते, नाना शेजारी, मी मागे. गावाबाहेर रेल्वेचं फाटक पडलं होतं. आमच्या पुढे कांद्यांनी भरलेली एक ट्रॉली उभी होती. फळ्यांतून लाल कांदे बाहेर डोकावत होते, वरती कुणीतरी झेंडूची माळ टाकलेली. आजूबाजूला कुणी नव्हतं. दोन्हीकडे शेतं.

नानांनी मागे हात केला. मला कळेना. मग त्यांनी बोटांनी गळा दाखवला.

मी यंत्र दिलं. त्यांनी स्वतःच्या बाजूची काच वर केली, मग सरांना खूण केली, मग मला. काचा वर गेल्या. बाहेरचा फाटकाच्या घंटेचा आवाज एकदम दूर गेला. नाना नीट टेकून बसले, पुढच्या ट्रॉलीकडे बघितलं, आणि श्वास भरून घेतला.

"बोला शेठ! पाडव्यानंतरचा पहिला माल. देठ बघा, रंग बघा, मुठीत मावत नाही असा नग. बोला, पाचशे!"

सर दचकले. त्या इवल्याशा गाडीत तो आवाज काचांवर आदळून परत येत होता. घोगरा होता, कडेने खरवडल्यासारखा होता, पण चढत होता. उतरत होता. चार वर्षांपूर्वीच्या आवाजासारखा तो नव्हता. तरी नानांचाच होता.

"पाचशे, पाचशे, पाचशे... भांबळशेठ, गप्प का? पुण्याचे व्यापारी नुसते बघायला येतात का?"

सर गोंधळले. "मी काय म्हणू?"

"वाढवा!" मी मागून ओरडले.

"पाचशे... एक?" सर म्हणाले.

नाना इतके हसले की झडपेतून शिट्टीसारखा सूर निघाला. "एक? अहो, ही भाजी मंडई नाही! दहाच्या खाली बोलायचं नाही. पाचशे दहा झाले, शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघा, पोरीचं लग्न आहे त्याच्या. पाचशे दहा, दहा, दहा..."

"वीस!" मी म्हणाले.

नाना मागे वळले. लहानपणी मला लिलावात बोलायची फार हौस होती. मी घोळक्यात घुसायची आणि ते मला दंडाला धरून बाहेर काढायचे, हा व्यापाऱ्यांचा खेळ आहे म्हणायचे. त्यांनी मला नीट पाहून घेतलं.

"वीस बोलली. कोण बोलली? आहेरांची हेमलता बोलली. नवीन व्यापारी आहे, पत चांगली आहे. भांबळशेठ, पोरगी माल घेऊन चालली!"

"तीस," सर म्हणाले. त्यांना आता चव आली होती.

"चाळीस."

"पन्नास."

आम्ही वाढवत गेलो. रेल्वे धडधडत गेली, आम्ही वर पाहिलं नाही. फाटक उघडलं. पुढची ट्रॉली हलली आणि नाना घाईला आले. "माल चालला, शेठ, माल चालला! एक वार... दोन वार..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. श्वास लांबवला. सूर हळूहळू खाली आणला, एखादं झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा. "तीन वार. हेमलता विश्राम आहेर. माल तुझा."

मागे येऊन थांबलेल्या जीपवाल्याने भोंगा वाजवला. सरांनी गाडी सुरू केली. नानांनी यंत्र काढून डबीत ठेवलं, डबी मला दिली, आणि मग स्वतःच्या बाजूची काच खाली केली.

दोन दिवसांनी कुरियर सापडलं. बाममॅडमनी अर्ज दाखल केला आणि मला फोन केला. "आता सांग वडिलांना," त्या म्हणाल्या, "कुठेही बोला म्हणावं." मी सांगितलं. पण तोवर मुहूर्त होऊन गेला होता, आणि लगेच थंडी पडून नानांना धाप लागू लागली, बाजारात जाणं झालंच नाही. महाशिवरात्रीच्या आधी ते गेले.

दहावं-तेरावं झाल्यावर मी हॉस्पिटलमध्ये त्यांच्या डॉक्टरांना भेटायला गेले. मी म्हणाले, इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं,

"तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही?"

"काय?"

"आजार फुप्फुसात उतरला होता. दसऱ्याच्या सुमारास तपासणी झाली तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. ते एकटेच आले होते. मी विचारलं, मुलीला फोन करू का? त्यांनी पाटीवर लिहिलं, तिचं काम चाललंय."

मी काय बोलले, कशी बाहेर आले, आठवत नाही. एवढंच आठवतं की जिन्यात बसले आणि डोक्यात माझंच वाक्य फिरत होतं, पुढच्या वर्षी, नाना. आणि त्यांचे ओठ, हो म्हणणारे.

पेटंट सहा वर्षांनी मंजूर झालं. दारूवालांनी शब्द पाळला. मंजुरीच्या आधीच, नुसत्या अर्जाच्या बळावर, त्यांनी साचे केले. कोंडिबाला पहिल्या दहातलं एक मिळालं. वीस वर्षांची मुदत गेल्या वर्षी संपली, आणि आता ते यंत्र आणखी दोघं-तिघं बनवतात, अधिक हलकं आणि अधिक स्वस्त. बाममॅडम निवृत्त झाल्या आहेत. मुदत संपल्याच्या दिवशी त्यांचा फोन आला होता.

प्रयोगशाळेत नानांचा आवाज आहे. चाचणीची वाक्यं आहेत ती. "आज हवा थंड आहे." "माझ्या घराला दोन खिडक्या आहेत." नानांनी ती चोख म्हटली आहेत, सांगितली तशी. मी ती ऐकत नाही. तेव्हा माझ्याकडे आवाज साठवणारा फोन नव्हता, आणि असता तरी फाटकापाशी मला ते सुचलं नसतं.

अजून मी महिन्यातून एकदा वॉर्डात जाते, नव्या पेशंटची झडप बसवून द्यायला. गेल्या खेपेला धुळ्याकडचे एक गृहस्थ होते, एसटीत चालक होते म्हणे. बायको शेजारच्या स्टुलावर बसली होती, मांडीवर पिशवी. झडप बसली. नियमाप्रमाणे मी त्यांच्यापुढे चाचणीच्या वाक्यांचा कागद धरायला हवा होता. मी म्हणाले, "ते राहू द्या. घरच्या कुणाला तरी हाक मारा."

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग बायकोकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून, त्यांनी हाक मारली.

"सुमन..."

शेवटचा स्वर जरा वर गेला आणि तिथेच थरथरत राहिला. ती बाई दचकली, पदर सावरला.

"ओ," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा मारली. तिने पुन्हा ओ दिली. माझं काम झालं होतं. सामान आवरून मी निघायला हवं होतं. तरी मी दारापाशी थोडी रेंगाळले, उगाचच, पर्सची चेन लावत, जणू त्या खोलीत अजून कुणीतरी आहे आणि आता माझी पाळी येईल.